बर्फापासून किती पावलं

परवा कपाट आवरताना पहिल्या वर्षीचा खोका सापडला. आत वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये दाबून वाळवलेली सव्वीस रोपं, आणि प्रत्येक घडीवर पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं: "फिन्से, जुलै". बस्स. कुठल्या बाजूला, किती उंचीवर, ओल्या रेतीत की दगडाच्या फटीत, शेजारी काय उगवलं होतं, काही म्हणजे काही नाही. रोपं छान वाळलीयत, रंगसुद्धा बऱ्यापैकी टिकलाय, पण आता ती कोणाच्याच फारशा कामाची नाहीत हे बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण सव्वीस झाडांचा जीव मी घेतला आणि त्यांच्याकडून काही विचारून घ्यायचं राहूनच गेलं. तेव्हा वाटायचं की फूल मिळालं म्हणजे काम झालं. आता सहा उन्हाळे तिथे जाऊन आल्यावर नेमकं उलटं वाटतं. फूल परत मिळेल, ते कुठे उभं होतं ते परत मिळत नाही.

ज्यांना फिन्से माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नॉर्वेत ओस्लो ते बर्गन जी रेल्वे जाते (१९०९ साली सुरू झालेली), तिच्यावरचं सगळ्यात उंच स्टेशन म्हणजे फिन्से, १२२२ मीटर. तिथे गाडीरस्ता जात नाही, ट्रेननेच जायचं, नाहीतर पायी किंवा सायकलने. ओस्लोहून चार-साडेचार तास लागतात. स्टेशनवर उतरलं की समोर तळं आणि तळ्यापलीकडे हार्डांगरयोकुलेन, पांढऱ्या पालथ्या परातीसारखी पसरलेली मोठी हिमनदी. तिच्या कडांवरून बर्फाच्या जिभा खाली उतरतात, त्यातली एक मिड्टडाल्सब्रेन. माझं सगळं वेड या एका जिभेच्या पुढच्या मोकळ्या जमिनीत आहे.

आता ही जमीन एवढी खास का, तर साधारण १७५०च्या सुमारास ही जीभ सगळ्यात पुढे आली होती आणि तेव्हापासून, मधले काही थांबे सोडले तर, ती मागेच सरकत गेलीय. जिथे जिथे ती थांबली तिथे तिने दगडमातीचा बांध टाकला, त्याला मोरेन म्हणतात. या मोरेनची वयं अभ्यासकांनी काढलेली आहेत, त्यात एक युक्ती म्हणजे दगडावर वाढणारं नकाशासारखं दिसणारं पिवळट हिरवं लायकेन, ते इतक्या संथ गतीने पसरतं की त्याच्या ठिपक्याच्या व्यासावरून दगड कधी उघडा पडला याचा अंदाज येतो. म्हणजे बाहेरच्या मोरेनपासून बर्फाकडे चालायला लागलं की आपण अडीचशे वर्षांच्या जुन्या जमिनीवरून निघून शेवटी दोन-तीन वर्षांच्या जमिनीवर पोचतो, सगळं एका सकाळीत. बाहेर सगळं गच्च भरलेलं असतं, काळ्या बेरीचं झुडूप, गुडघ्याएवढे लोकरी पानांचे विलो, शेवाळाच्या गाद्या. मग हळूहळू मधे मधे उघडी माती दिसायला लागते, मग दगड जास्त आणि झाडं कमी, आणि अगदी शेवटी बर्फाजवळ करडी ओली रेती, त्यात कुठेतरी एखादं गवताचं झुबकं, एखादं आंबटसर पानांचं ऑक्सिरिया, एखादं पांढरं सेरास्टियम. त्यामुळे इथे "फिन्से" लिहून काहीच कळत नाही. तेच रोप बर्फापासून पन्नास पावलांवर सापडणं आणि हजार पावलांवर सापडणं या दोन पूर्ण वेगळ्या बातम्या आहेत.

आणि हो, एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ त्या रेतीकडे बघत बसले होते. आपल्याला वाटतं आधी झाडं येणार, मग ती खाणारे किडे, मग किड्यांना खाणारे किडे. इथे तसं झालेलं नाही. सिगमुंड होगवार या नॉर्वेजियन संशोधकांनी याच मिड्टडाल्सब्रेनसमोर काम केलं आणि दाखवलं की बर्फ हटून तीन-चार वर्षं होतात न होतात तोच तिथे छोटे शिकारी भुंगेरे आणि लांब पायांचे कोळ्यासारखे प्राणी फिरत असतात, एकही फूलझाड यायच्या आधी. शिवाय बर्फात अडकलेला जुना कार्बन वितळून बाहेर येतो आणि तिथल्या डबक्यांतल्या अळ्या तोच खातात, म्हणून जिवंत किड्याचं कार्बन डेटिंग केलं तर तो शेकडो वर्षांचा म्हातारा निघतो! तेव्हापासून मी फुलाच्या नोंदीत आसपासचे किडेही लिहायला लागले, नावं येत नसली तरी "काळा चकचकीत, पाच मिमी, दगडाखाली" एवढं तरी.

माझं सगळ्यात लाडकं फूल म्हणजे रॅननक्युलस ग्लेशियालिस. नॉर्वेजियन लोक त्याला इस्सुलेये म्हणतात. हे नॉर्वेत सगळ्यात उंचावर फुलणाऱ्यांपैकी एक, गाल्ह्योपिगेनसारख्या देशातल्या सर्वोच्च डोंगराच्या माथ्याजवळसुद्धा सापडलेलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पोटावर झोपून पाहिलं, कारण ते जेमतेम बोटभर उंच होतं आणि वारा असा की उभं राहून बघायची सोय नव्हती. पानं जाड, मांसल, चकचकीत, तीन भागांत फाटलेली. पाकळ्या पाच, दुधासारख्या पांढऱ्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा गुच्छ. पण खरी गंमत पाकळ्यांच्या मागे आहे. फूल हळूच वाकवून मागून बघितलं तर निदलांवर गंजाच्या रंगाची दाट लव दिसते, जणू कोणी तपकिरी लोकरीचं अस्तर लावलंय. भिंगातून बघितलं तर त्या लवीत पाण्याचे बारीक थेंब अडकलेले होते, धुकं नुकतंच सरकून गेलं होतं ना. आणि फूल जुनं झालं, त्यावर माश्या येऊन गेल्या, की पाकळ्या गळत नाहीत, पांढऱ्याच्या गुलाबी होतात आणि मग वाइनसारख्या लाल. एकाच झुबक्यात तीन रंगाची फुलं दिसली तर ती तीन जाती नाहीत, ती तीन वयं आहेत. म्हणून नोंदीत नुसता "रंग: गुलाबी" लिहिलं तर पुढे वाचणाऱ्याची दिशाभूल होते, "पांढरे दोन, गुलाबी एक, लाल चार" असं लिहायचं.

अजून एक, या झाडाची कळी फुलते त्या वर्षी तयार होत नाही. ती आधीच्या उन्हाळ्यांमध्येच जमिनीखाली तयार व्हायला सुरुवात झालेली असते, कारण इथला उन्हाळा एवढा तोकडा की एका मोसमात कळी बनवून, फुलवून, बी पिकवून होणारच नाही. म्हणजे मी एक फूल तोडते तेव्हा दोन-तीन उन्हाळ्यांची कमाई तोडते. हे कळल्यावर माझा हात आपोआप थांबायला लागला.

तोडायचं की नाही यावर मला खूप जण विचारतात, आता मोबाइलमध्ये एवढे चांगले कॅमेरे आहेत, फोटो काढला की ॲप नाव सांगतं, मग वाळवून ठेवायचा अट्टाहास कशाला. मला हे अर्धं पटतं. इस्सुलेये, ड्रायस, सिलेनी यांच्यासारखी चेहऱ्यावरून ओळखू येणारी झाडं मी आता अजिबात तोडत नाही. पण छोटे विलो, ड्राबा, सेरास्टियम, गवतं यांच्यात फरक केसांवर असतो, बियांच्या शेंगेवर असतो, पानाच्या खालच्या बाजूवर असतो, आणि तिथे ॲप दर वेळी ठाम आवाजात वेगळंच नाव सांगतं. तिथे वाळवलेला नमुना लागतो. शिवाय नीट ठेवलेल्या नमुन्यातून पन्नास-शंभर वर्षांनीसुद्धा डीएनए काढता येतो, फोटोतून काय काढणार?

नियमांचं मात्र आधी बघायचं. नॉर्वेत सगळ्यांना मोकळ्या रानात फिरायचा हक्क आहे, साधी रानफुलं आणि बेऱ्या तोडायलाही कोणी अडवत नाही, पण संरक्षित भागात आणि संरक्षित जातींना तो हक्क लागू होत नाही. हार्डांगरयोकुलेनचा भाग संरक्षित आहे आणि उत्तरेला हालिंगस्कारवे नॅशनल पार्क आहे, आणि प्रत्येक जागेचे नियम वेगळे लिहिलेले आहेत. मी जायच्या आधी त्या जागेचे नियम वाचते, शंका असेल तिथे लिहून विचारते, आणि उत्तर नाही आलं तर फक्त फोटो. माझा स्वतःचा नियम असा की आजूबाजूला त्याच जातीची निदान वीस झाडं मोजल्याशिवाय एकाला हात लावायचा नाही, आणि मूळ काढायचं नाही, एक फांदी पुरे.

सिलेनी अकॉलिसला तर कधीच नाही. ती हिरवी उशी, जिच्यावर गुलाबी टिकल्या टोचल्यासारखी फुलं येतात, ती वर्षाला एवढीशी वाढते आणि अलास्कातल्या अभ्यासात तिच्या काही उशा तीनशे वर्षांहून जुन्या निघाल्यात. मी एकदा एका उशीवर चुकून गुडघा टेकवला होता, फोटोच्या नादात. उठल्यावर बघते तर एका बाजूला खड्डा. पुढच्या वर्षी मुद्दाम जाऊन बघितलं, ती बाजू तपकिरी पडली होती. त्यानंतर मी बसायला फोमचा तुकडा नेते आणि आधी दगड शोधते, मगच टेकते.

आता नोंद कशी करते ते सांगते, कारण खरं महत्त्वाचं हेच. झाडाला हात लावायच्या आधी वही काढायची. पेन्सिलच, पेन नाही, एका पावसात माझी दोन पानं निळी होऊन गेली होती. सगळ्यात वर नंबर, म्हणजे माझा चालू नंबर, जो परत कधी वापरायचा नाही. मग तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, उंची, उतार कुठल्या दिशेला आहे, खाली काय आहे (रेती, खडी, शेवाळ, फट), ओल किती. आणि मग बर्फापासून अंतर, आणि कुठल्या मोरेनच्या आत किंवा बाहेर. मग एक मीटरचा चौकोन डोळ्याने धरून त्यातले सगळे शेजारी लिहायचे. हे करायला वीस मिनिटं लागतात, बोटं गारठतात, कंटाळा येतो, सोबत आलेली माणसं पुढे निघून जातात, पण हेच पान म्हणजे नमुना, वाळलेलं झाड हे त्या पानाला लावलेला पुरावा.

फोटो मी पाच काढते. एक लांबून, डोंगर दिसेल असा, म्हणजे जागा परत शोधता येते. एक पूर्ण झाडाचा, शेजारी पट्टी ठेवून. एक पानाचा खालून. एक फुलाचा समोरून, एक मागून. ऊन नको, ढगाळ हवाच चांगली, आणि ऊन असेल तर स्वतःची सावली पाडायची. थंडीत मोबाइलची बॅटरी धाडकन उतरते म्हणून तो आतल्या खिशात, अंगाजवळ.

वाळवायचं काम रात्री हटमध्ये. तिथल्या ट्रेकिंग हटांमध्ये ओले बूट-कपडे सुकवायला एक गरम खोली असते, माझी प्रेस तिथेच एका कोपऱ्यात उभी असते, दोन फळ्या, मधे पुठ्ठे आणि टीपकागद, दोन पट्टे आवळलेले. पहिले तीन दिवस रोज कागद बदलायचा. मांसल पानांच्या झाडांना कागद बदलायला एक दिवस उशीर केला तर ती काळी पडतात. हारेरूग म्हणजे बिस्टोर्टा व्हिविपारा वाळवताना वेगळीच पंचाईत, तिच्या दांड्यावर वर पांढरी फुलं आणि खाली लालसर दाण्यांसारखे बारीक कंद असतात, ते कंद गळतात आणि त्यांच्यापासून थेट नवीन रोपं होतात, बियांची वाटच बघत नाही ती. वाळताना हे दाणे सुटतात, म्हणून कागदाची पुडी करून शीटला चिकटवायची आणि त्यावरही तोच नंबर. घरी आल्यावर सगळं पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये, नाहीतर किडे लागतात.

आता ड्रायसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ड्रायस ऑक्टोपेटाला, नॉर्वेजियनमध्ये रेईनरूसे, रेनडियरचा गुलाब. हिला चुनखडीची जमीन आवडते, म्हणून ग्लेशियरसमोर नाही, तळ्याच्या उत्तरेला सान्डाल्सनूटेन नावाच्या डोंगरावर जावं लागतं. लिनियसने हे नाव दिलं, पानं छोट्या ओकच्या पानांसारखी म्हणून ओकमधल्या परीचं नाव, आणि पाकळ्या आठ म्हणून ऑक्टोपेटाला. फूल वाटीसारखं असतं आणि दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत राहतं, वाटीच्या मध्यभागी ऊब साठते आणि माश्या तिथे येऊन नुसत्या बसून राहतात. एका दुपारी एका फुलात एक माशी अकरा मिनिटं बसलेली मी घड्याळ लावून पाहिली, वारा गार, आभाळात ढगांची ये-जा, ढग आला की ती पाय आवरून घ्यायची, ऊन आलं की परत पसरायची. ती अकरा मिनिटं माझ्या वहीत आहेत, नंबर १४३.

याच झाडाची जुनी पानं स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांच्या गाळात सापडली आणि त्यावरून हिमयुगाच्या शेवटी आलेल्या एका अचानक थंड काळाला यंगर ड्रायस नाव पडलं, साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा काळ. एक पान, गाळाच्या कुठल्या थरात पडलं होतं ते माहीत होतं म्हणून. थर माहीत नसता तर ते नुसतं पान होतं.

आणि हे फक्त हजारो वर्षांच्याच गोष्टीत नाही. फिन्सेच्या उत्तरेला योटुनहाइमेन डोंगररांगेत रायडार योर्गेनसेन या माणसाने १९३०-३१ मध्ये तेवीस डोंगर चढून कुठल्या उंचीवर कुठलं झाड आहे ते लिहून ठेवलं. १९९८ मध्ये त्याच डोंगरांवर दुसरे अभ्यासक त्याच नोंदी हातात घेऊन गेले. तेवीसपैकी एकोणीस डोंगरांवर जातींची संख्या वाढलेली होती, खालची झाडं वर चढत आली होती, आणि उंचावरची थंडीतली झाडं त्यांच्या खालच्या जागांवरून नाहीशी झाली होती. त्याने उंची लिहिली नसती, नुसतं "योटुनहाइमेन, जुलै" लिहिलं असतं, तर आज कोणाला काय कळलं असतं? हे वाचलं त्या दिवशी मी माझा पहिला खोका कपाटात मागे ढकलून दिला होता, तो परवा परत हाती लागला.

तर त्या सव्वीस घड्या. टाकवल्या नाहीत माझ्याच्याने. एक-एक उघडून बसले. वर्तमानपत्र नॉर्वेजियन आहे, ट्रेनमध्ये कोणीतरी सीटवर टाकून गेलेलं मी उचललं होतं, आणि एका पानाच्या कोपऱ्यात छापलेली तारीख शाबूत आहे, म्हणजे निदान या दिवसाच्या आधीची ही झाडं नाहीत एवढं तरी झालं. मग जुन्या मोबाइलचा बॅकअप काढला, त्या आठवड्याचे फोटो तारीखवार लावले. सात रोपं फोटोशी जुळली, पानाला पडलेला एक चिरा, वाकलेला एक देठ अशा खुणांवरून. एकाच्या मुळाला अजून करडी बारीक माती चिकटलेली आहे, पिठासारखी, ती बर्फाजवळच असते. बाकीच्या अठरांवर मी प्रामाणिकपणे "जागा अज्ञात" लिहिलं आणि ती पानांची लव ओळखायला शिकण्यासाठी वेगळी ठेवली.

आणि एक इस्सुलेये. त्याचा लांबून काढलेला एकच फोटो आहे, हललेला, पण मागे एक मोठा दगड दिसतो, वर पिवळट हिरव्या लायकेनचा ठिपका आणि मधून तिरकी पांढरी शीर गेलेली. ती शीर मी पाहिलेली आहे, मला जवळजवळ खात्री आहे, ओढ्याच्या पुलापलीकडे दुसऱ्या मोरेनच्या आतल्या बाजूला कुठेतरी. फोटो प्रिंट करून वहीत चिकटवलाय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्याचं ट्रेनचं तिकीट काढलंय, या वेळी आधी तो दगड शोधायचा, मग बाकीचं.